आमच्या पाड्यावर आलेली सहल

शहापूरच्या वसतिगृहात जेवणाची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता. व्हरांड्याच्या वाशाला तो तारेने टांगलेला असे आणि स्वयंपाक करणाऱ्या काशीबाई त्यावर लोखंडी खिळा आपटत. तो आवाज ऐकला की साऱ्या मुली ताटल्या घेऊन धावत. मी मात्र सगळ्यांच्या शेवटी उठायची. तूरडाळीचं पिवळं पातळ वरण, भात, कडेला जाडसर चपाती आणि बटाट्याची भाजी. काशीबाईंच्या हाताला चव नव्हती असं नाही; पोट भरायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. आमच्या घरी नागलीची भाकर असे. चुलीवरून उतरवल्यावर ती मोडताना बारीक कर्र असा आवाज येई, आणि निखाऱ्यावर भाजलेली सुकट तिच्याबरोबर खाऊन वर पाणी प्यालं की ते पाणीही गोड लागायचं. वसतिगृहात पाणी नुसतं पाणी लागे. इतक्या वर्षांनी माझ्या घरात गॅस आहे, मिक्सर आहे, बाजारात नागलीचं पीठ पिशवीत बंद मिळतं. पण ती भाकर मला आजही जमत नाही. माझ्या हातची दुमडते, मोडत नाही.

वसतिगृह आदिवासी मुलींचं होतं, तेव्हा तिथे मी एकटी पडायचं खरं तर कारण नव्हतं. पण बाहेरच्यांना आम्ही सगळ्या सारख्या दिसत असलो तरी आतमध्ये तसं नव्हतं. कोळ्यांच्या मुलींच्या खोल्या वेगळ्या, आम्हा ठाकरांच्या वेगळ्या; कुणी नेमून दिलं नव्हतं, आपोआप तसं पडलं होतं. एक कातकऱ्यांची मुलगी जव्हाराकडून आली होती. ती दाराजवळच्या खाटेवर झोपायची आणि दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. तिची खाट रिकामी झाल्यावर मी तिथे गेले. दाराजवळ वारा येतो, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे त्या वर्षी मला कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

त्याच वर्षी आवणीच्या दिवसांत माझा भाऊ गेला होता. काळू त्याचं नाव, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. चिखलात भाताची रोपं लावत असताना त्याच्या पायाला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. झोळी करून त्याला रस्त्यापर्यंत आणला, तिथून जीप मिळाली, पण मुरबाड यायच्या आधीच त्याचं अंग गार पडलं. मी पोचले तेव्हा त्याला न्यायची वेळ झाली होती. त्याचे दिवस घातल्यावर बाबा मला म्हणाले, "तू जा. हितं बसून काय करशील?" मी परत आले. खोलीतल्या एकीने विचारलं, "गावाला गेली होतीस?" मी हो म्हटलं. "मजा आहे बुवा तुझी," ती म्हणाली आणि केस विंचरायला लागली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिला माहीत नव्हतं, आणि त्यानंतर सांगायची वेळ अशी आलीच नाही. दुःख सांगायलाही कुणीतरी आधी विचारावं लागतं.

कॉलेजात मी समाजशास्त्र घेतलं होतं. शिकवणारे सर कल्याणहून येत. आसनगावला उतरून टमटमने कॉलेजात पोचेपर्यंत त्यांच्या शर्टाची पाठ घामाने ओली झालेली असे. माणूस भला होता. फळ्यावर अक्षर सुंदर काढत, कुणाला टाकून बोलत नसत. त्यांचा आदिवासी समाजाचा भाग सुरू झाला तेव्हा मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. सर सांगत आणि आम्ही लिहून घेत असू: त्यांचा आहार, त्यांची घरे, त्यांची कला, त्यांच्या विवाहपद्धती. मीही तसंच लिहीत होते. 'त्यांचा आहार' असं लिहिताना हात थांबला नाही. दोन-तीन दिवसांनी मात्र चालता चालता ध्यानात आलं, की हे 'ते' म्हणजे माझे आयबाबा. असं मागाहून लक्षात येणं मोठं विचित्र असतं. आपल्याच घराच्या खिडकीतून बाहेरच्या बाजूने आत बघावं, तसं वाटतं.

वर्गात माझी एकच मैत्रीण म्हणता येईल अशी होती, वाशिंदची वैशाली. तिचे वडील तिकडच्या एका कारखान्यात कामाला होते. घरी बुद्धाची तसबीर, कपाटात पुस्तकं, बोलणं खणखणीत. ती डबा आणायची आणि न विचारता अर्धा माझ्यापुढे सरकवायची. तिनेच एकदा वर्गात हात वर करून सांगून टाकलं, "सर, इंदू ठाकर आहे. तिचा पाडा मुरबाडकडे आहे."

सरांचा चेहरा उजळला. "अगं, मग आपली क्षेत्रभेट तिथेच नेऊ या! आधी का नाही बोललीस?"

मला आनंद झाला होता, हे खोटं कशाला बोलू? आपलं घर कुणाला तरी बघावंसं वाटतंय, याचा आनंद. आणि थोडी भीतीही. तास संपल्यावर मी सरांच्या मागे गेले आणि म्हटलं, "सर, पण आता आमच्याकडे नाचाचे दिवस नाहीत." ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होते. "चालेल, चालेल," ते म्हणाले.

त्या रविवारी मी घरी सांगायला गेले. बाबा अंगणात विळ्याची मूठ बसवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बघनार काय पन?"

"आपलं घर. आपन कसं राहतो ते."

"येऊ देत," बाबा म्हणाले. "पाहुने हायेत. जेवून जातील." आयने आतूनच विचारलं, "किती मान्सं?" आणि मी आकडा सांगितल्यावर तिने कणगीवरचं झाकण काढून आत हात घातलेला मला ऐकू आला. भातावरून हात फिरला की जो सरसर आवाज येतो, तो.

सहलीची गाडी सापगावच्या पुलावरून निघाली तेव्हा मुलं गाणी म्हणत होती. किन्हवली गेलं, सरळगाव गेलं, डोंगर जवळ येत गेला. गाडी ज्यांनी दिली होती ते कॉलेजच्या कमिटीवरचे एक गृहस्थ सरांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या मांडीवर नवा कोरा व्हिडिओ कॅमेरा होता, गळ्यात त्याचा पट्टा. मी खिडकीशी बसून एकेक ओळखीचं झाड मागे पडताना बघत होते. या रस्त्याने मी नेहमी एसटीने, नाहीतर चालत आले होते; पण आपल्या गावाला सहलीच्या गाडीने येताना कुठे बघावं तेच कळत नव्हतं. पाड्याच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे पायवाट. मुलांनी बूट झटकले, मुलींनी ओढण्या सावरल्या, आणि आम्ही ओळीने वर निघालो. पुढे मी होते.

पाड्यावर अंगणं सारवलेली होती. भागूकाका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ आणि पाड्याचे जाणते, धुतलेला सदरा घालून उभे होते. पोरं झाडाआड लपून आम्हाला बघत होती, आम्ही त्यांना. मुलं कारवीच्या भिंतींवर हात फिरवत होती, "आत किती गार आहे रे," म्हणत होती. आमच्या घरात पडवीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक होता. माझ्या धाकट्या आत्याच्या लग्नातला. धुराने काळवंडला होता, कोपरे गेले होते. कॅमेरावाल्या गृहस्थांनी तो बराच वेळ टिपला. मग आयला म्हणाले, "बाई, हे जुनं झालं. शेजारी एक नवीन काढून दाखवा की. काढताना घेतो मी."

आयने पदर सारखा केला आणि साध्या आवाजात विचारलं, "कुनाचं लगीन हाय?"

मुलं हसली. तेही हसले. आय हसली नाही, कारण ती विनोद करत नव्हती. आमच्यात लग्न असल्याशिवाय चौक काढत नाहीत. ज्या घरातला लग्नाचा मुलगा जाऊन अजून वर्षही झालं नाही, त्या घरात तर नाहीच. पण एवढं सगळं ती परक्या माणसाला कशाला सांगेल? मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. आयची आणि माझी नजर भेटली आणि दोघींनी ती वळवली.

मग नाचाची गोष्ट निघाली. ऊन चढलं होतं, मुलं कंटाळली होती. गृहस्थ भागूकाकांना म्हणाले, "आता जरा नाच होऊ द्या. तुमचा तो प्रसिद्ध आहे ना, ढोलकीवरचा. दोनच मिनिटं करा, पण पोशाख घालून करा."

भागूकाका गडबडले. पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही, आणि हो म्हणायची सोय नाही. पाड्यात ढोलकी वाजवणारे बाबाच. त्यांनी काळू गेल्यापासून ढोलकी माळ्यावर उलटी ठेवली होती. काका बाबांकडे बघायला लागले. बाबा ओट्यावर बसले होते, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. ते उठले नाहीत.

"काय हो, लाजताय काय?" गृहस्थ म्हणाले. "आपलीच मुलं आहेत सगळी."

सरांना बहुतेक अवघडल्यासारखं झालं. ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "इंदू, जरा समजावून सांग ना यांना. तू त्यांच्यातलीच आहेस."

मी तोंड उघडायच्या आत आय दारातून पुढे आली. हाताला पीठ तसंच होतं. "तेच्या घरात मयत झालं," ती त्या कॅमेरावाल्याकडे बोट करून म्हणाली, "तं तो नाचंल का वर्साच्या आत? इचारा तेला."

आय मराठीतच बोलली होती. तिथल्या प्रत्येकाला तो शब्द न् शब्द समजण्यासारखा होता. तरी गृहस्थांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणतात त्या?"

आजही मला वाटतं, त्या दुपारी खरा घाव कुठला असेल तर हाच. आय समोर उभी असताना, तिचे शब्द हवेत असताना, ती काय म्हणते ते मला विचारलं गेलं. मी कॉलेजची भाषा जुळवायला गेले, 'सर, असं आहे की' पर्यंत आले, आणि पुढे घरचीच भाषा आली. "माझा भाव गेलाय. आवनीत. पान लागलं तेला. आमी नाय नाचनार."

तोपर्यंत कॉलेजात हे कुणाला माहीत नव्हतं. महिनोन् महिने मी जे दाराजवळच्या खाटेवर उशीखाली घेऊन झोपत होते, ते असं भर उन्हात, सगळ्या वर्गासमोर सांगावं लागलं. आणि तेही माझं दुःख म्हणून नाही, नाच का होणार नाही याचं कारण म्हणून. वैशाली माझ्याजवळ आली आणि तिने माझं मनगट धरलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. गृहस्थ म्हणाले, "अरेरे, आधी सांगायचं ना," आणि कॅमेऱ्याचं झाकण लावून पाड्याखालच्या नदीकडे गेले.

जेवणाचं तसंच राहिलं होतं. आयने पहाटेपासून रांधलं होतं: नव्या तांदळाचा भात, वालाचं कालवण, सुकट-वांगं, भाकऱ्यांची चळत, आणि राखेच्या पाण्यात उकडून कडूपणा काढलेले करांद्याचे कंद. मुलांनी येताना पुरी-भाजीची पाकिटं आणली होती. कुणी म्हणालं आज उपास आहे, कुणी म्हणालं वास सोसत नाही, कुणी काहीच न म्हणता झाडाखाली पाकीट सोडलं. सर मात्र चपला काढून ओट्यावर येऊन बसले. त्यांच्या शेजारी वैशाली. त्यांच्यानंतर आणखी चार-पाच जण आले. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, आणि मी आत जाऊन भाताची पाटी उचलायला लागले तर आयने माझ्या हातातून ती काढून घेतली.

"तू बस जा."

"मी वाढते ना."

"बस गो, पाहुन्यांच्यात बस. शोभत नाय."

ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती मायेने म्हणाली. मी सरांच्या पंगतीला बसले. आय वाकून माझ्या पत्रावळीवर भात वाढून गेली, जसा सरांना वाढला तसाच, हात आखडता न घेता आणि डोळे वर न करता. भाकर तीच होती, सुकट तीच. पण आपल्याच घरात आग्रहाने वाढलेलं जेवण घशाखाली कसं उतरतं ते त्या दिवशी कळलं. पुढे मी समाजशास्त्राची पुस्तकं बरीच वाचली. कोण कुणाबरोबर जेवतं, कोण कुणाच्या हातचं खातं, यावर त्यांत पानंच्या पानं आहेत. ओट्यावरून चुलीपर्यंतच्या त्या चार पावलांवर एकही ओळ मला सापडली नाही.

परतीच्या गाडीत कुणी गाणी म्हटली नाहीत. वैशाली माझ्या शेजारी बसली. सरळगाव मागे पडल्यावर ती म्हणाली, "माझ्या आज्याला पण बोलवायचे गावात. लग्नाला, जत्रेला, मेलं-गेलं तरी, वाजवायला. धर्म घेतल्यावर तो म्हनला, आता नाय वाजवनार. तर गाव त्याला वाटेवरनं जाऊ देईना." मग ती म्हणाली, "नाय म्हनायला पन पिढ्या लागतात इंदू. तुझ्या आयनं एका दुपारी म्हटलं." मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. रडू आलं नाही. वसतिगृहात पोचलो तेव्हा जेवण होऊन गेलं होतं, आणि काशीबाईंनी माझी ताटली झाकून ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात सर वसतिगृहाच्या फाटकाशी आले. आत यायला पुरुषांना मनाई होती, म्हणून मीच बाहेर गेले. "मला ठाऊक नव्हतं गं," ते म्हणाले. "एवढी रोज पुढे बसतेस, मी एकदाही विचारलं नाही." मी म्हटलं, "असू द्या सर." त्यांच्या हातात पेरूची पिशवी होती, ती माझ्या हातात देऊन ते घाईने निघून गेले. त्यांनी पुन्हा कधी क्षेत्रभेट काढली नाही. ते बरं केलं की वाईट, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी स्वतः पुढे मुरबाडच्या एका शाळेत शिकवायला लागले, पन्नाशी ओलांडली, आणि दर वर्षी कुणीतरी म्हणतं की मुलांना जरा पाडे दाखवून आणू. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. विषय बदलते.

काळूचं वर्ष भरलं आणि त्यानंतर गौरी आल्या. मी सुट्टी काढून घरी गेले. संध्याकाळी बाबांनी ढोलकी माळ्यावरून काढली, धूळ पुसली, जाळावर धरून तिचं कातडं तापवलं. सगळा पाडा अंगणात जमला. बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घालून फेर धरला, मीही त्यात शिरले, आणि कुणी मला बाजूला बस म्हटलं नाही. आमच्या नाचात एक जण गाण्याची ओळ उचलतो, मग बाकीचे ती झेलतात. ओळ उचलायचं काम काळूचं होतं. बाबांनी ठेका धरला, पावलं पडायला लागली आणि ओळीची जागा आली. कुणी उचलली नाही. गाणी सगळ्यांना येत होती, भागूकाकांना तर पाठच होती. पण कुणाचं तोंड उघडलं नाही. बाबांनी ठेका मोडला नाही. त्या ओळीला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ त्यांनी नुसती ढोलकी वाजवली आणि मग पुढे गेले. आम्ही पुढचं झेललं. पुन्हा फेर आला, पुन्हा ती जागा आली, पुन्हा तसंच. अंधार पडेपर्यंत आम्ही तसे नाचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आय मला एसटीच्या रस्त्यापर्यंत घालवायला आली. बांधाबांधाने चालत होतो. भात पोटरीला आला होता. ती पुढे, मी मागे. ती मागे न बघताच म्हणाली, "तुमच्या त्या पुस्तकात आमचं लिवलंय म्हनतेस. काय लिवलंय?"

खूप काही लिहिलं होतं. त्यातलं काय सांगावं, याचा मी विचार केला. शेवटी परीक्षेला हमखास येणारं एक वाक्य आठवलं, तेच सांगितलं. "लिवलंय, की ही मान्सं गरीब असली तरी नाचगान्यात रमतात. तेंना दुःख ठावं नसतं."

आय थांबली. वळून माझ्याकडे बघितलं, मी थट्टा करते का ते. मी करत नव्हते. मग ती हसायला लागली. काळू गेल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, पोट धरून ती हसली. "ठावं नसतं?" असं एकदा मोठ्याने म्हणाली आणि हसता हसता रस्त्याकडेच्या बांधावर मटकन बसली. मीही हसले, तिच्या हसण्याला. मग मी थांबले आणि तिचे खांदे हलतच राहिले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती हसत नाहीये.

मी तिच्या शेजारी बसले. वळणावर एसटीचा आवाज आला, गाडी आमच्यासमोर आली, कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरून आमच्याकडे बघितलं. मी उठले नाही. गाडी गेली.